पोटातल्या बाळाशी नातं जोडताना या चुका टाळा

दर महिन्याच्या ९ तारखेला आमच्या आरोग्य केंद्रात गरोदर बायकांची तपासणी असते. बाकावर बसलेल्या बऱ्याच जणी मोबाईलवर गर्भसंस्काराचे व्हिडिओ बघत असतात. "सिस्टर, बाळाला रोज किती वेळ ऐकवू?" हा प्रश्न ठरलेला. पण "तुझं बाळ दिवसातून कधी जास्त हलतं?" असं मी विचारलं की पुष्कळ जणी गप्प होतात.

ऐकवण्याची घाई ही पहिली चूक. बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं ते साधारण सहाव्या महिन्यात. त्याआधी ऐकवलं नाही म्हणून काही हुकत नाही. पोटावर हेडफोन तर ठेवूच नका. तुमचा आवाज तुमच्याच हाडामांसातून आत पोचतो, दुसऱ्या कुणाचाही तितका पोचत नाही. जन्मल्यावर बाळ आईचा आवाज ओळखतं, ते यामुळेच. भाकऱ्या थापताना त्याच्याशी बोला, आजीची एखादी ओवी गुणगुणा. शिमग्यात मात्र पालखीच्या ढोलांना चिकटून उभ्या राहू नका. ढोलाचा खर्जातला आवाज पोटात सहज शिरतो.

"अजून मायाच वाटत नाही" हे एखादी अगदी हळू आवाजात सांगते. आधीचं मूल पोटात गेलेलं असलं तर मन जपून असतं, जीव लावायला भितं. त्यात तुमचा दोष नाही. काहींना बाळ हलू लागल्यावर वाटतं, काहींना मांडीवर आल्यावर. पण दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल, तर आशाताईंना सांगा किंवा १४४१६ वर फोन करा. मनाच्या त्रासासाठी तो सरकारी नंबर आहे.

चाकरमानी नवऱ्याला "गणपतीला आलास की बघ" म्हणून बाजूला ठेवू नका. रोज रात्री फोनवर बाळ आज कसं हललं ते त्याला सांगा. सातव्यानंतर तो आला, की त्याच्या हातालाही लाथ लागेल. आणि घरात "मुलगाच हवा" हा जप चालला असेल तर तो थांबवायला त्यालाच पुढे करा.

आता माझ्या प्रश्नाकडे येते. पहिलटकरणीला हालचाल कळते साधारण १८ ते २० आठवड्यांत, वार (प्लासेंटा) पुढच्या बाजूला असली तर थोडी उशिरा. २८ आठवड्यांपर्यंत बाळाची आपली एक रीत बसते. कुणाचं जेवणानंतर उसळतं, कुणाचं रात्री पाठ टेकली की. ही रीत तुमच्याइतकी कुणालाच कळणार नाही, मलाही नाही. आईची बाळाशी खरी ओळख इथे होते असं मी मानते.

म्हणूनच "नववा लागला, जागा नाही, आता बाळ कमीच हलणार" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. शेवटी हालचालीची तऱ्हा बदलते, लाथेऐवजी वळल्यासारखं, ढकलल्यासारखं वाटतं. पण हालचाल कमी होता कामा नये. शंका आली तर डाव्या कुशीवर निजा आणि मोजा. दोन तासांत दहा वेळा हललं नाही तर दवाखान्यात निघायचं. आणि नेहमीपेक्षा कमी हलतंय हे आधीच स्पष्ट जाणवलं असेल, तर मोजत बसायचंही नाही. साखरपाणी पिऊन वाट बघणं, मोबाईलच्या अॅपवर किंवा घरच्या यंत्रावर ठोके ऐकून निश्चिंत होणं, यात मोलाचे तास जातात. ठोके ऐकू येत असतानाही बाळ त्रासात असू शकतं.

धो धो पाऊस असो, शेवटची एसटी गेलेली असो, १०८ ला फोन करा. सासूबाईंनो, "सकाळी बघू" म्हणू नका, सुनेसोबत निघा. "बाळ आज गप हाय" म्हणत रात्री अकराला बाई येते, तपासून सगळं ठीक निघतं आणि ती ओशाळते, "उगाच त्रास दिला, सिस्टर." बाय गो, उद्या पुन्हा तसंच वाटलं तर पुन्हा ये.