मागच्या शॉकमधला नायट्रोजन : या चुका टाळा

बेळगावजवळच्या जांबोटीकडच्या तांबड्या चिखलवाटेवर पहिली पंधरा मिनिटं गाडी झकास चालते. मग मागचं चाक उड्या मारायला लागतं आणि आपण लगेच म्हणतो, ‘मागच्या शॉक ॲब्सॉर्बरमधला गॅस गेला.’ कधी खरंच गेलेला असतो. पण दणका झेलतं ते तेल, गॅस नव्हे. पिस्टन जोरात सरकला की त्याच्या मागे दाब घटतो, तेलात बुडबुडे धरतात आणि फेसाळलेलं तेल पिस्टनला अडवत नाही. तसं होऊ नये म्हणून रिझर्व्हॉयरमधला, म्हणजे शॉकच्या छोट्या टाकीतला, नायट्रोजन ब्लॅडरच्या (रबरी पिशवीच्या) किंवा तरंगत्या पिस्टनच्या पलीकडून तेल सतत दाबून धरतो. बहुतेक मोटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीच्या) गाड्यांत हा दाब १० बारच्या, म्हणजे १४५ पीएसआयच्या आसपास असतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे टायरचं गेज लावून दाब बघणं. मीही ती केली आहे, दर रविवारी, गाडी काढायच्या आधी. गॅसची जागा इतकी छोटी असते, की गेजच्या नळीत शिरलेल्या गॅसनेच दाब भरपूर उतरतो. आकडा कमी दिसतो तो आपणच कमी केलेला असतो. म्हणून दाब तपासायचा तर भरायची सोय हाताशी हवी; नसेल तर व्हॉल्व्हचं टोपण उघडूच नका.

गॅस आहे की नाही हे गेजशिवायही कळतं. स्प्रिंग काढून शॉकचा रॉड आत दाबा. तो आपोआप बाहेर आला तर गॅस आहे, आत बसून राहिला तर गेला. व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर गॅसबरोबर तेल आलं तर ब्लॅडर फाटला आहे किंवा तरंगत्या पिस्टनचं सील गेलंय. तिथे वरून कितीही गॅस भरा, उपयोग नाही. रॉडवर तेल उतरत असेल तर आधी खालचं सील बदला.

‘हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे, मग कंप्रेसरची हवा का नको?’ असं बरेच जण विचारतात. तापल्यावर कोरडी हवा आणि नायट्रोजन सारखेच फुगतात, ते खरं. वांधा ओलाव्याचा आणि ऑक्सिजनचा आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात कंप्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, ते आत गेलं की गंज धरतो, तेल लवकर खराब होतं. पेट्रोल पंपावरचा नायट्रोजन टायरसाठी असतो. त्यापेक्षा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक ॲक्युम्युलेटर (गॅसने तेल दाबून धरणाऱ्या टाक्या) भरणाऱ्या मेस्त्रींकडे चौकशी करा, कामाचं तत्त्व तेच आहे.

इथे जिवाशी गाठ आहे, म्हणून नीट वाचा. नायट्रोजनच्या सिलिंडरचं अंग करडं आणि मान काळी असते. ऑक्सिजनचं अंग काळं, मान पांढरी. तेलावर दाबाचा ऑक्सिजन सोडला तर स्फोट होतो. भरलेल्या सिलिंडरमध्ये १५० बारच्या आसपास दाब असतो, म्हणून रेग्युलेटरशिवाय नळी जोडू देऊ नका.

गाडी मागे बसते म्हणून गॅस वाढवणारेही पाहिलेत. १६ मिलिमीटरच्या रॉडवर १० बार म्हणजे जेमतेम २० किलोचा जोर. दोन बार वाढवले तर चार किलो. सॅग, म्हणजे वजनाने गाडी मागे जेवढी खाली बसते ते अंतर, स्प्रिंगने आणि प्रीलोडने (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याने) जुळवायचा असतो. मोठ्या मोटोक्रॉस गाडीवर स्वार बसल्यावर तो १०० मिलिमीटरच्या आसपास ठेवतात.

आणि रिझर्व्हॉयरचं झाकण उघडण्याआधी गॅस पूर्ण सोडा. चेहरा बाजूला ठेवून, चष्मा घालून, पिन हळूहळू दाबत.