सुपरनोव्हावरून दीर्घिकेचं अंतर कसं काढायचं

सगळेच सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्यांचे महास्फोट, या कामाचे नाहीत. लागतो तो आयए प्रकारचा, म्हणजे श्वेत बटूचा (इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या दाट गाभ्याचा) स्फोट. त्यामुळे आधी वर्णपट घ्या, म्हणजे त्याचा प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करा. त्यात हायड्रोजनच्या रेषा नकोत आणि 6150 अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक) जवळ सिलिकॉनची खोल खाच हवी. ती नसेल तर तारा आयबी किंवा आयसी या दुसऱ्या प्रकारांचा असू शकतो. त्यावर पुढचं गणित करू नका.

उदाहरणाला सप्तर्षीतल्या एम 101 दीर्घिकेतला एसएन 2011एफई हा सुपरनोव्हा घेऊ. 24 ऑगस्ट 2011 रोजी, स्फोटानंतर दिवसभराच्या आत तो सापडला, म्हणून त्याचा चढ-उतार पूर्ण मोजता आला.

बी (निळ्या) आणि व्ही (हिरव्या-पिवळ्या) फिल्टरमधून दर दोन-तीन रात्रींनी प्रतिमा घ्या. उच्चांक गाठायला स्फोटापासून 17-18 दिवस लागतात, त्यानंतरही किमान 15 दिवस मोजणी चालू ठेवा. प्रत (तेजस्वितेचा आकडा; तो जितका लहान तितका तारा प्रखर) ठरवताना त्याच प्रतिमेतल्या, प्रत माहीत असलेल्या ताऱ्यांशी तुलना करा. सर्वाधिक घोळ होतो तो दीर्घिकेच्या उजेडामुळे. तो मोजणीत मिसळला की सुपरनोव्हा प्रखर भासतो आणि त्याचा उतारही खोटा मंद दिसतो. तारा विझल्यानंतरची किंवा स्फोटाआधीची त्याच फिल्टरमधली प्रतिमा वजा करा. यात कंटाळा करून चालत नाही.

आता उच्चांकानंतरच्या 15 दिवसांत बी प्रत किती घसरली ते पाहा. सगळे आयए सारखेच तेजस्वी असतात, हा समज चुकीचा आहे. स्फोटात निकेल-56 हे किरणोत्सारी मूलद्रव्य जास्त बनलं तर तारा अधिक तेजस्वी होतो आणि सावकाश मावळतो. खगोलशास्त्रज्ञ मार्क फिलिप्स यांनी 1993 मध्ये दाखवलेल्या या संबंधावरच सगळी पद्धत उभी आहे. 2011एफई सुमारे 1.1 प्रतींनी उतरला. अशाची निरपेक्ष प्रत, म्हणजे 10 पार्सेकवरून (1 पार्सेक म्हणजे सुमारे 3.26 प्रकाशवर्षं) दिसेल ती प्रत, साधारण −19.3 धरतात. 1991बीजी या सुपरनोव्हासारखे झपाट्याने कोसळणारे, मुळातच फिके तारे वगळा.

उच्चांकाला बी आणि व्ही प्रतींतला फरक शून्याजवळ हवा. जास्त भरला तर वाटेत धूळ आहे. जादा फरकाची सुमारे 4 पट बी प्रतीतून वजा करा. इथे धूळ नगण्य होती.

2011एफईच्या उच्चांकाची बी प्रत 9.9. त्यातून −19.3 वजा केले की 29.2. त्यात 5 मिळवून 5 ने भागा: 6.84. 10 चा 6.84 वा घात म्हणजे सुमारे 69 लाख पार्सेक, साधारण सव्वादोन कोटी प्रकाशवर्षं. प्रतीत 0.1 ची चूक झाली तर अंतर 5 टक्क्यांनी चुकतं.

−19.3 हा आकडा सेफीड ताऱ्यांवरून (तेज ठरावीक काळाने कमी-जास्त होणारे तारे) अंतर ठरलेल्या दीर्घिकांतून येतो आणि एम 101 त्यांतलीच एक. म्हणून हे उदाहरण सरावाचं. पद्धतीचा खरा उपयोग सेफीड दिसत नाहीत तिथे. तिथे तांबड्या सृतीमुळे (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी वाढण्यामुळे) काळही ताणला जातो: सृती 0.5 असेल तर ताऱ्याकडचे 15 दिवस आपल्याला 22.5 दिवस दिसतात. उतार मोजण्याआधी दिवसांना 1.5 ने भागून घ्या.