रब्बीचं पहिलं पाणी सोडण्याआधी मोटरचे अ‍ॅम्पिअर बघा

जूनपासून विहिरीवरची मोटर बंद आहे. हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ आली की आपण जाऊन थेट हिरवं बटण दाबतो. चार महिन्यांत शाफ्टला गंज धरलेला असतो, पंपात गाळ बसलेला असतो. मोटर फिरत नाही, नुसती घुमते. जाम झालेली मोटर नेहमीच्या 5 ते 7 पट करंट ओढते. उष्णता वाढते करंटच्या वर्गाने, म्हणजे 6 पट करंटला 36 पट. वायंडिंगचा (मोटरमधल्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळीचा) करपट वास यायला मग वेळ लागत नाही.

म्हणून आधी मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात टाका आणि मोनोब्लॉकच्या (मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर असलेल्या संचाच्या) मागचं झाकण खोलून पंखा हाताने फिरवा. अडत असेल तर मिस्त्रीला बोलवा, बटणाच्या जोरावर सोडवायला जाऊ नका.

मोटर सुरू होऊन पाइप भरून पाणी पडायला लागलं, की टोंग टेस्टरने (वायरीला चिमट्यासारखा लावून करंट मोजायच्या मीटरने) तिन्ही फेज मोजा. वायर एकेकच पकडायची; तिन्ही एकदम चिमट्यात घेतल्या तर आकडा शून्याजवळ येतो आणि मीटर बिघडलाय असं वाटतं. (मी एकदा दुकानात परत द्यायला निघालो होतो.) 5 एचपीच्या मोनोब्लॉकला साधारण साडेसात अ‍ॅम्पिअर लागतात, तरी मोटरच्या प्लेटवरचा आकडा खरा. बोअरच्या पाणबुडी मोटरला जास्त लागतात.

आमच्या स्टार्टरच्या झाकणाला आतून मार्करने लिहिलंय: 7.2, 7.4, 7.3 – 410 व्होल्ट. व्होल्टेज लिहायचंच, कारण ते पडलं की लोड तोच असूनही करंट चढतो. गेल्या जानेवारीत व्होल्टेज तेवढंच असताना तिन्ही फेजवर 7.9 दिसले. पाणी तेवढंच, आवाजही तोच. बेअरिंग खोललं तर ग्रीसच्या जागी तांबडं पाणी. अर्ध्या अ‍ॅम्पिअरने आधी सांगितलं म्हणून काम बेअरिंगवर भागलं, रिवायंडिंगपर्यंत गेलं नाही.

आकडा खाली आला तरी खूश होऊ नका. 7.3 चे 4.5 झाले तर पंप पाणी उचलत नाही. पातळी खाली गेली असेल किंवा फूटव्हॉल्व्हला (पाइपच्या तळाच्या झडपेला) कचरा लागला असेल. पाणबुडी मोटर थंड राहते तीच पाण्यामुळे, म्हणजे कोरडी चालली तर तापते, आणि ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) कमी करंटवर पडत नाही. त्यासाठी ड्राय रन (कोरडं चालण्यापासून) संरक्षण असलेलं पॅनेल वेगळं लागतं.

एक फेज शून्य आणि बाकीचे दोन जवळपास पावणेदोन पट, म्हणजे फेज गेला. चालती मोटर तशीही रेटत राहते, पण बंद पडली की पुन्हा उठत नाही, जागेवर घुमते.

ओव्हरलोड रिलेची चकती डीओएल स्टार्टरला (मोटर थेट सुरू करणाऱ्या) प्लेटवरच्या आकड्यावर ठेवा. स्टार-डेल्टात (मोटर दोन टप्प्यांत सुरू करणाऱ्या स्टार्टरात) रिले मेन लाइनमध्ये नसून वायंडिंगच्या फेजच्या वायरीत असेल तर त्याच्या 58 टक्क्यांवर. 11 अ‍ॅम्पिअरच्या मोटरला सुमारे 6.4. रिले सारखा पडतो म्हणून चकती वर फिरवणारे आणि फ्यूजला तांब्याची जाड तार बांधणारे दर गावात आहेत. रिवायंडिंगवाल्याकडे रांगही त्यांचीच.

ऑटो स्विच लावून झोपणाऱ्यांनी जास्त सांभाळा. रात्री दोनला लाइट येते, मोटर जाम असली तर घुमते, आणि ऐकायला विहिरीवर कोणी नसतं. पहिले चार-पाच दिवस ऑटो बंद ठेवून समोर उभं राहून मोटर चालवा, रोजचा आकडा झाकणावरच्याशी ताडून बघा, मगच ऑटोवर टाका.