ठाणे–वाशी लोकलमध्ये शिका प्रवासापुरती फारसी

फारसी शिकायला बसलेल्या मराठी माणसाची पाटी कोरी नसते. सफर, मुसाफिर, शहर, बंदर, पूल, सवारी, नकाशा, नजीक हे सगळं आपल्याकडे फारसीतूनच आलंय. पण इराणमध्ये गोंधळ होतो तो नेमका याच शब्दांनी, कारण कुणाचा उच्चार बदललाय, कुणाचा अर्थ सरकलाय. म्हणून आधी ओळखीचे शब्द तपासून घ्या, नवे नंतर.

सुरुवात आवाजापासून. तेहरानच्या बोलीत लांब 'आ' म्हणजे आपल्या 'ऑफिस'मधला ऑ, आणि आखूड 'अ' म्हणजे 'बॅग'मधला ॲ. विमानतळ म्हणजे फोरूदगॉह, आगगाडी म्हणजे गॅतॉर; गॅतॉरमधला ग पडजिभेपाशी, घशातून काढायचा. 'च' नेहमी 'चिमणी'तला, 'चाक'मधला कधीच नाही. 'ज़' साठी 'जरा' म्हणा, पण जीभ दातांमागे टेकू देऊ नका. बोलताना 'ऑन'चं बऱ्याचदा 'ऊन' होतं. पाटीवर 'खियॉबॉन' (रस्ता) असतं, लोक 'खियॉबून' म्हणतात. मात्र ईरॉनचं 'ईरून' करू नका.

आता फसवे शब्द. यांच्यावर पहिले दोन-तीन दिवस घालवा, पुढचा त्रास वाचेल. 'पूल' म्हणजे तिकडे पैसे. नदीवरचा पूल हवा असेल तर 'पोल' म्हणायचं. 'मेय्दून' म्हणजे क्रिकेटचं मैदान नव्हे, शहरातला मोठा चौक. 'मॉशीन' म्हणजे मोटारगाडी. 'रॉस्त' म्हणजे उजवा, 'चॅप' डावा आणि सरळ जा म्हणायला 'मोस्तॅगीम'. सगळ्यात मजेशीर 'हॅरकॅत'. आपण 'काही हरकत नाही' म्हणतो, तिकडे हॅरकॅत म्हणजे हालणं, निघणं. तिकिटावर 'सॉअत-ए हॅरकॅत' म्हणून जी वेळ छापलेली असते ती गाडी सुटण्याची. 'गॅतॉर केय हॅरकॅत मीकोने?' म्हणजे गाडी कधी सुटते?

काही शब्दांची घडण पाहिली की ते पाठ करावेच लागत नाहीत. रेल्वे म्हणजे रॉह-ऑहॅन: रॉह म्हणजे वाट, ऑहॅन म्हणजे लोखंड. आपला 'लोहमार्ग' हुबेहूब तसाच. सायकल म्हणजे दोचॅर्खे, दोन चाकांची. चौरस्ता म्हणजे चॉहॉर-रॉह.

सुटे शब्द घोकू नका, ते प्रवासात वापरा. ठाण्याहून वाशीची लोकल पकडली की साधारण अर्धा तास मिळतो. गाडी सुटली की मनात म्हणा, 'ईस्तगॉह-ए बॅअ्दी, दिघा गाव', पुढचं स्टेशन दिघा गाव. मग ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. तेहरान मेट्रोतली घोषणाही याच साच्याची असते, त्यामुळे कान आपोआप तयार होतो. मधला 'ए' हा 'चा-ची-चे'च्या जागी येतो, पण उलट्या क्रमाने: आपण 'वाशीचा पूल' म्हणतो, ते 'पोल-ए वाशी'. हा क्रम जिभेवर बसेपर्यंत रोज बोलायला हवा, नियम वाचून तो येत नाही. एका फेरीत पाच नवे शब्द पुरेत. पहिल्या फेरीसाठी हे घ्या: बेलीत (तिकीट), सॅक्कू (फलाट), चॅमेदॉन (सुटकेस), तॅखीर (उशीर), रॅफ्त-ओ-बॅरगॅश्त (जाऊन-येऊन). परतीच्या गाडीत तेच पाच वाक्यात बसवा: 'दो तॉ बेलीत बॅरॉये एस्फॅहॉन', इस्फहानची दोन तिकिटं. हा 'तॉ' मोजताना लागतो. नुसतं 'दो बेलीत' कानाला तुटक वाटतं.

आकड्यांसाठी रस्त्यावरच्या नंबरप्लेट कामाला येतात. आपण 'त्रेचाळीस' म्हणताना तीन आधी घेतो, फारसीत चाळीस आधी: चेहेल-ओ-से. समोर एमएच 43 ची गाडी दिसली की 'चेहेल-ओ-से', एमएच 04 दिसली की 'सेफ्र, चॉहॉर'. पुढचे चार आकडे दोन-दोन करून वाचा. हा साचा लक्षात ठेवायला इस्फहानचा 33 कमानींचा पूल आहेच, सी-ओ-से-पोल: तीस-आणि-तीन-पूल. छापील फारसी आकड्यांत सातचा आकार व्हीसारखा असतो आणि आठ म्हणजे तोच व्ही उलटा. घाईत हे दोन अदलाबदल होतात आणि माणूस चुकीच्या फलाटावर उभा राहतो. लिपी उजवीकडून वाचायची असली तरी आकडे डावीकडूनच वाचायचे.

तारखेकडेही नीट पाहा. तिकिटावर बहुधा इराणी सौर पंचांगाची तारीख असते. वर्ष नवरोजला, म्हणजे 20-21 मार्चच्या सुमारास बदलतं. त्यानंतरच्या तारखेसाठी इसवी सनातून 621 वजा करा, आधीच्या तारखेसाठी 622. आठवडा शनिवारी सुरू होतो: शॅन्बे, मग येकशॅन्बे, दोशॅन्बे असं मोजत. शुक्रवार म्हणजे जोमए, सुट्टीचा.

टॅक्सीचं मात्र ठाणेकराला फार समजावावं लागत नाही. आपली शेअर रिक्षा म्हणजे तिकडची सॅवॉरी टॅक्सी, आणि आपण 'स्पेशल' म्हणतो ते 'दॅरबॅस्त', शब्दशः दार बंद, आता दुसरा प्रवासी नाही. अनवधानाने दॅरबॅस्त म्हणालात तर सगळ्या सीटचं भाडं तुमच्यावर. बसण्याआधी 'चॅन्द मीशे?' (किती होतील?) विचारा. अधिकृत चलन रियाल असलं तरी उत्तर बहुतेक वेळा तुमानमध्ये येतं आणि व्यवहाराचा रूढ हिशेब 1 तुमानला 10 रियाल. एक शून्य चुकलं की दहापट फरक. 'हजार' हा शब्द गाळून बोलायचीही सवय आहे, तेव्हा शंका आली तर नोट दाखवून विचारा. उतरायचं असेल तर 'हॅमीन जॉ पियॉदे मीशॅम', इथेच उतरतो. बुद्धिबळातलं आपलं प्यादं आठवा, पियॉदे म्हणजे पायी.

पैसे पुढे केल्यावर चालक 'गॉबेल नॅदॉरे' म्हणेल, म्हणजे 'कसले पैसे, राहू द्या'. ही रीत आहे, तिला तॉअरोफ म्हणतात. भाडं माफ झालेलं नसतं. आपण पाहुण्याला 'जेवूनच जा' म्हणतो, त्याच जातीचं. 'खॉहेश मीकोनॅम' (कृपया घ्या) म्हणत पैसे पुन्हा पुढे करा. दुसऱ्या-तिसऱ्यांदा ते घेतले जातात.