गाडीत अँप्लिफायर बसवताय? आधी फ्यूज कुठे लावणार ते विचारा
स्पीकर कोणते घ्यायचे यावर आपण आठवडाभर खल करतो, वायरिंगचं मात्र विचारतच नाही. अँप्लिफायरची पॉवर केबल थेट बॅटरीवरून येते. ती पत्र्याला घासून सोलली गेली, तर आग लागू शकते. म्हणून बॅटरीपासून साधारण 45 सेंटीमीटरच्या आत फ्यूज हवाच, आणि केबल पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे छिद्राच्या कडेला बसणारी रिंग. केबल शुद्ध तांब्याचीच मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त पडते, पण तेवढ्याच जाडीत करंट कमी पेलते. आरसीए केबल (स्टिरिओकडून अँप्लिफायरकडे आवाजाचा सिग्नल नेणारी) पॉवर केबलपासून लांब, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यायला सांगा. नाहीतर ॲक्सिलरेटर दाबला की गाण्यात बारीक शिट्टी चढत जाते, फार त्रास होतो त्याचा. गाडी नवी असेल तर कंपनीची मूळ वायर कापू देऊ नका, कपलर, म्हणजे मूळ सॉकेटमध्ये बसणारा तयार प्लग, लावूनच जोडणी करून घ्या.