बड्स पेअर करताना या चुका टाळा

काउंटरवर बड्सची, म्हणजे कानात घालायच्या बिनवायरी ब्लूटूथ इअरफोनची, चार्जिंगची डबी आपटून "खराब माल आहे, बदलून द्या" म्हणणारं गिऱ्हाईक मला रोज भेटतं. मोबाईल अ‍ॅक्सेसरीजचं दुकान चालवतो, त्यामुळे ऐकून घेणं भाग आहे. डबी उघडली की बहुतेक वेळा माल ठणठणीत निघतो. बड्स नुसते दुसऱ्याच कुणाशी जोडलेले असतात.

ही पहिली चूक, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ खाणारी. झाकण उघडलं की बड्स आधी ओळखीचा फोन किंवा लॅपटॉप शोधतात. तो सापडला की गपगुमान त्याला चिकटतात आणि नव्या फोनच्या यादीत दिसतच नाहीत. मग माणूस ब्लूटूथ बंद-चालू करतो, फोन रीस्टार्ट करतो, शेवटी दुकानदाराला शिव्या देतो.

आमच्याच बिल्डिंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना मुलाने आपले जुने बड्स दिले. दुकानात आल्या, मी दोन मिनिटांत जोडून दिले, अभंग लावून ऐकवला. संध्याकाळी फोन, "अरे, परत बंद." दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, पुन्हा जोडले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "तुझ्या दुकानात चालतात आणि माझ्या घरात चालत नाहीत, हा काय प्रकार?" शेवटी दुकान बंद करून वर गेलो. काकूंनी सोफ्यावर बसून डबी उघडली, कानात "कनेक्टेड" असं ऐकू आलं, फोनवर मात्र काहीच नाही. तेवढ्यात आतल्या खोलीतून मुलगा ओरडला, "आई, लॅपटॉपचा आवाज परत गेला!" दोन दिवस तो लॅपटॉपचा स्पीकर बिघडला म्हणून वैतागला होता. एका घरात दोन तक्रारी, आणि दोन्हींचं मूळ ती एकच डबी.

झालं होतं असं, की बॅटरी वाचावी म्हणून काकू काम झालं की ब्लूटूथ बंद करायच्या. फोन सापडला नाही की बड्स आठवणीतल्या पुढच्या ओळखीच्याकडे, म्हणजे मुलाच्या लॅपटॉपकडे जायचे. नंतर काकूंनी ब्लूटूथ चालू केलं तरी उशीर झालेला असायचा. लॅपटॉपच्या ब्लूटूथ यादीतून बड्स काढून टाकले, प्रश्न मिटला. तेव्हापासून माझी सवय अशी की जुने बड्स कुणी दिले-घेतले तर आधी देणाऱ्याच्या फोन, लॅपटॉप, टीव्ही सगळीकडून ते "फर्गेट" करायला लावतो, आणि मगच नव्या फोनला हात लावतो. ब्लूटूथ चालू ठेवल्याने बॅटरी फारशी खर्च होत नाही, हेही काकूंना सांगून झालं. पटलेलं नाही.

दुसरी चूक नव्या मालाची. बऱ्याच नव्या बड्सच्या चार्जिंगच्या पिनांवर पारदर्शक पातळ स्टिकर असतो. तो काढायचा असतो. लोक खोका फाडतात, बड्स कानात घालतात, दोन गाणी ऐकतात, परत डबीत टाकतात आणि सकाळी एक कान मेलेला. नखाने स्टिकर सोलून गिऱ्हाइकासमोर ठेवला की पुढची दोन मिनिटं दुकानात फार शांतता असते. जुन्या बड्समध्ये हेच काम कानातला मळ आणि घाम करतात. कापसाच्या काडीने कोरडं पुसा. पाणी नको, थुंकी तर नकोच, हो, तेही पाहिलंय.

एकाच कानात आवाज येतो म्हणून घाईत एकच बड बाहेर काढून पेअर करू नका. दोन्ही डबीत ठेवा, फोनमधून नाव काढा, मग रीसेट करा. रीसेट कसं करायचं ते मॉडेलप्रमाणे बदलतं. कुठे डबीचं बटण दाबून धरतात, कुठे बड्सवरच बोट ठेवतात. हे सगळं खोक्यातल्या त्या चिटोऱ्यावर लिहिलेलं असतं, जे तुम्ही पहिल्याच दिवशी कचऱ्यात टाकता. मग भलत्याच कंपनीच्या बड्सचा व्हिडिओ बघून बटण दाबत बसता.

त्याच व्हिडिओंमधला आवडता उपाय म्हणजे फोनचं नेटवर्क सेटिंग रीसेट करणं. मुंगीसाठी तोफ! ब्लूटूथबरोबर साठवलेले सगळे वायफाय पासवर्डही जातात, आणि मग शेजाऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं. मी हा उपाय अगदी शेवटी करतो, तोही विचारून.

कॉल ऐकू येतो पण गाणी फोनमधूनच वाजतात? अँड्रॉइडमध्ये बड्सच्या नावाशेजारचं चिन्ह दाबा, मीडिया ऑडिओ बंद असेल.

मायक्रोवेव्ह चालू असताना आवाज तुटतो, कारण ओव्हन आणि ब्लूटूथ दोघांच्याही लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच असतात आणि एकमेकींत घुसतात. जेवण गरम होऊ द्या.

एवढं करूनही दुसऱ्याच्या फोनवर तोच कान मुका राहिला, तर खरंच बिघाड आहे, बिल घेऊन या. आणि येताना डबीही आणा. नुसते बड्स रुमालात बांधून आणणारे आहेत. ते मी चार्ज कशात करू आणि रीसेट कशावर?