१/३२ झिरो बनवायचंय? आधी कारखाना ठरवा, मग ग्लू उघडा

मंडळी, १/७२ ची, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी, प्लॅस्टिकची चारदोन विमानं जमली की मोठ्या स्केलची खाज सुटतेच, आणि जपानी म्हटलं की हात आपसूक झिरोकडं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी नौदलाच्या लढाऊ विमानाकडं, जातो. इथं मी तामिया या किट कंपनीचं १/३२ मॉडेल ५२ (झिरोचाच एक प्रकार) धरून सांगतो, हासेगावा कंपनीचं राइडेन नाहीतर हायाते, म्हणजे दुसरं जपानी लढाऊ विमान, घेतलं असलं तरी बरंचसं लागू पडेल. खऱ्या मॉडेल ५२ चे पंख टोकापासून टोकापर्यंत ११ मीटर, म्हणजे आपल्याकडं ३४ सेंटीमीटरच्या वर. आधी शोकेसचं माप घ्या.

डबा उघडला की लगेच स्प्रू, म्हणजे सुटे भाग ज्याला जोडलेले असतात ती प्लॅस्टिकची चौकट, कापायला बसू नका. झिरोचं डिझाईन मित्सुबिशीच्या जिरो होरिकोशींचं, पण एकूण झिरोंपैकी निम्म्याहून जास्त नाकाजिमा या दुसऱ्या कंपनीनं बनवले, आणि दोघांची विमानं लांबूनसुद्धा वेगळी ओळखू येतात. मित्सुबिशीच्या विमानावर वरचा हिरवा आणि खालचा राखाडी यांच्यातली रेघ शेपटीपर्यंत सरळ जाते, नाकाजिमाच्या विमानावर ती मागं वर वळून आडव्या शेपटीच्या पुढच्या कडेला भिडते. कॉकपिटच्या हिरव्यातपण फरक. त्यामुळं कुठलं विमान, कुठल्या कारखान्याचं हे आधी ठरवा, त्याचे जुने फोटो शोधा, डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं-आकडे) कुठले लावणार ते बघा, नाहीतर शेपूट मित्सुबिशीची आणि नंबर नाकाजिमाच्या विमानाचा असं होऊन बसतं.

आता इंजिन. मोठ्या स्केलचे पैसे वसूल होतात ते इथं. झिरोच्या साकाए इंजिनाला १४ सिलिंडर, सात पुढं सात मागं, आणि प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे वायरी २८. यासाठी बाहेरून महागडा सेट मागवायची गरज नाही, गावात पाण्याच्या मोटारी रिवायंडिंग करणारे मामा असतातच, त्यांच्याकडं ३० गेजची तांब्याची तार मागा, साधारण ०.३ मिलीमीटर जाडीची येते आणि १/३२ ला बरोबर दिसते. वीतभर तार चहाच्या पैशात मिळते, बऱ्याचदा मामा फुकटच देतात आणि वर कशाला पाहिजे म्हणून अर्धा तास विचारत बसतात. पिन व्हाइसनं (हातानं फिरवायचं बारीक ड्रिल) क्रँककेसच्या रिंगवर ०.३५ मिलीमीटरचे छिद्र पाडा, तार आधी सुईवर वाकवून घ्या, मग फेविक्विकचा थेंब टूथपिकनं लावा, बाटलीतून सरळ ओतू नका. सिलिंडरला आधी काळा, सुकला की फिन्सवर ॲल्युमिनियम रंगाचा ड्रायब्रश, ब्रश इतका कोरडा पाहिजे की कागदावर घासला तर रंग उमटायला नको. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, बंदच ठेवणार असाल तर मागच्या रांगेच्या वायरींवर जीव काढू नका, दिसत नाहीत. एक्झॉस्टच्या नळ्यांची तोंडं मात्र ड्रिलनं पोकळ करा, मॉडेल ५२ ला त्या वेगवेगळ्या बाहेर निघतात आणि नजर पहिली तिथंच जाते.

कॉकपिटला तामियाचा एक्सएफ-७१ रंग मारा, तो जपानी नौदलाच्या कॉकपिटसाठीच निघालाय. सीटला वजन कमी करायला गोल गोल भोकं असतात, ती किटमध्ये अर्धवट बुजलेली वाटली तर सुईनं साफ करा. पट्टे मास्किंग टेपचे कापले तरी चालतात. सीटच्या मागं, फ्युजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) आत आओताके, म्हणजे धातू गंजू नये म्हणून मारलेला निळसर हिरवा पारदर्शक लाख. आधी चांदी रंग, त्यावर क्लिअर ब्लू आणि क्लिअर ग्रीन मिसळून पातळ थर. नुसता निळा जाड थर मारला की खेळणं दिसतं.

फ्युजलाज जोडून सांधा घासला की तिथले रिव्हेट पुसले जाणार, ते सुईनं परत टोचा. वॉटर पेपर गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतो, ६०० पासून २००० पर्यंत घ्या. चाकं आत-बाहेर जाणारी यंत्रणा किटमध्ये दिलीय, पण माझं ऐका, खाली चिकटवून टाका.

रंगाचं आपल्याकडं वेगळंच. मे महिन्यात परभणी-नांदेडला ४२-४३ डिग्रीत एअरब्रशच्या नोझलवरच रंग वाळतो आणि पंखावर खरखरीत पावडर बसते. उपाय दोन, पहाटे उठून फवारा, आणि थिनर लेव्हलिंगवालं वापरा, त्यात रंग हळू वाळवणारा रिटार्डर असतो. कूलर बंद पाहिजे, तो धूळ पण आणतो आणि ओल पण. तोंडाला मास्क लावा, खिडकी उघडा, आणि लाईट जायच्या टाईमाला एअरब्रशचा कप भरून बसू नका.

हिनोमारु, म्हणजे तो लाल गोळा, डिकल न लावता फवारायचा. रेडियमवाल्याकडं जा, दुचाकीच्या नंबरप्लेट कापतो तोच, त्याच्या प्लॉटरवर डिकलच्या मापाचं गोल आणि त्याभोवतीचं कडं कापून घ्या. रेडियमचा गोंद भयंकर, म्हणून आधी जीन्सवर दोनतीनदा चिकटवून कमजोर करा. पंखावर पांढरा फवारा, त्यावर कडं लावा, आत लाल, लाल पूर्ण वाळला की गोल परत आत बसवा आणि मग सगळ्यावर एक्सएफ-११ हिरवा. शेवटी सगळं सोललं की पांढऱ्या कडेचा गोळा तयार. पंखाच्या पुढच्या कडेची पिवळी पट्टीसुद्धा हिरव्याच्या आधीच मारून झाका.

बाकी आकडे नि बारीक अक्षरं डिकलची. बोअरचं पाणी चुकूनही वापरू नका, आपल्या पाण्यात क्षार एवढा की वाळल्यावर हिरव्यावर पांढरे डाग राहतात. जारचं किंवा आरओचं घ्या.

वेदरिंगमध्ये, म्हणजे विमान वापरून जुनं झाल्यासारखं दाखवण्यात, आजकाल पोरं सगळं विमान खरडायलेत. पंखाच्या मुळाशी जिथं मेकॅनिक चढतो तिथं, काउलिंगच्या कडांना, पॅनलच्या स्क्रूंजवळ चांदी चालेल. पण एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर (पंखाच्या नि शेपटीच्या हलणाऱ्या फळ्या) यांच्यावर कापड ताणलेलं असायचं, तिथं चांदीचे टवके म्हणजे सरळ चूक, तिथं फक्त रंग थोडा फिका करा. अँटेनाचा खांब लाकडाचा, त्यालाही चांदी नको. एक्झॉस्टच्या मागं आधी तपकिरी, त्यावर अगदी पातळ राखाडी, फवारा हवेच्या दिशेनं.

शेवटी एरियलची तार. ताणलेला स्प्रू उन्हाळ्यात ढिला पडतो, त्यापेक्षा मॉडेलवाल्यांचा इलॅस्टिक दोरा घ्या. आणि विमान झालं की उघडं ठेवू नका, त्याच रेडियमवाल्याच्या ओळखीनं ॲक्रिलिकची पेटी करून घ्या, कारण इथली काळ्या मातीची धूळ एकदा कॉकपिटात गेली की ब्रशनं निघत नाही.